आरशावरचं कुंकू

कौसल्या,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागं सरतोय तोच आला, आणि ओढ्याकाठी जमलेली सगळी मंडळी एका सुरात म्हणाली, बाईचं मागं काही राहिलं नव्हतं. खर्ड्याहून आलेल्या तुझ्या भावाला तर हुंदका आवरेना. मला मात्र राग आला. तुला माहीत आहे, माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो आणि दुःखाच्या वेळीसुद्धा तो तिथून हलत नाही. तुझं काही राहिलं नसेल. माझं राहिलं होतं, आणि ते विचारायला कावळा माझ्याकडं कशाला येईल?

त्या आरशावरच्या कुंकवाबद्दल मी तुला एकदाही बरं बोललो नाही. एवढंच राहिलं आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, आणि सांगायलाही क्षुल्लकच होतं. भाकरी थापता थापता तू ऐकून घेतलं असतंस. पण दोन वर्षं मी ते सांगितलं नाही. आधी अहंकारानं आणि मग सवयीनं. आता तीन दिवसांच्या तापात तू निघून गेलीस, आपली सुमन दिवसकार्य उरकून राहुरीला सासरी परतली, आणि घरात मी आणि ती दुर्बिणीची साडेचार फुटांची पत्र्याची नळी असे दोघेच उरलो. तेव्हा लिहून काढतो. पोरांना इतकी वर्षं सांगत आलो की नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखवा. मीही पायऱ्या दाखवतो.

दुर्बिणीचं खूळ माझंच. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात मुंबईच्या जुन्या बाजारातून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेचे दोन गोल तुकडे घेऊन मी मिरजगावला उतरलो, तेव्हा पिशवीच्या वजनावरून तुला वाटलं की मी पाटा-वरवंटा आणला. परसात लिंबाखाली वाळूनं भरलेलं पिंप उभं केलं. त्यावर एक काच पक्की बसवली, तिच्यावर दुसरी ठेवली, मधे इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पूड आणि पाणी घातलं, आणि मी सुटीभर त्या पिंपाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत राहिलो. आळीतल्या बायका तुला विचारायच्या, मास्तर काय करत्यात? तू शांतपणे सांगायचीस, ‘आरसा घासत्यात. तोंड बघायचा न्हाई, चांद बघायचा.’ मला वाटायचं तू माझी टर उडवतेस. आता वाटतं, इतकं नेमकं मीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या आरशाच्या पायी तुलाही कमी राबवलं नाही. नळी केली ती धान्याच्या कोठ्या करणाऱ्या पत्रेवाल्यानं. त्याला मी कागदावर माप काढून दिलं होतं, तरी त्यानं हाताच्या सवयीनं खालच्या अंगाला धान्य काढायचं सरकतं दार ठेवलंच. मी त्याच्यावर ओरडायला निघालो होतो. तू म्हणालीस, राहू द्या, तिथनं हात घालून आरशावर फडकं टाकता येईल. आणि तसंच झालं. अजून त्याच दारातून मी आरसा झाकतो. नळी आतून काळी हवी होती, म्हणून तू दोन दिवस रॉकेलच्या चिमणीवर परात धरून काजळी गोळा केलीस. नाकपुड्या काळ्या झाल्या तरी तुझी तक्रार नव्हती. तुझी तक्रार एकच होती, ह्यातनं पाऊस दिसतो का? मी चिडून म्हणायचो, पाऊस बघायला दुर्बीण कशाला लागते. त्यावर तू म्हणायचीस की मग ज्याची गरज नाही तेच बघायला लागते म्हणायची. हा वाद काही मिटला नाही.

नवरात्र बसायच्या आधी मी आरशावर चांदी चढवली. आपल्या घरातल्या आरशाला चांदी मागच्या बाजूनं असते आणि पुढची काच तिला सांभाळते. माझ्या आरशाला चांदी पुढून होती, उघडी. नुसतं बोट लागलं तरी ओरखडा उठेल अशी. हे मी तुला समजावून सांगितलं होतं का, ते गेल्या पंधरा दिवसांत मी पुष्कळदा आठवून पाहिलं. नव्हतं सांगितलं. हात लावू नको, एवढंच म्हणालो होतो. का नको, ते सांगायची तसदी घेतली नव्हती. शाळेत जो मास्तर एकेका पोराला तीनतीनदा समजावतो, तो घरी आला की हुकूम सोडतो.

मग खंडेनवमी आली. मी बाहेरून आलो तर देवापुढं पाट मांडलेला. पाटावर विळी, कोयता, खुरपं, माझी कानस, कर्कटक, हॅकसॉ, आणि सगळ्यांच्या मधे कापूस अंथरलेल्या डब्यातून काढलेला तो आरसा. त्याच्यावर झेंडूचं एक फूल. आणि फुलाच्या शेजारी, चांदीवर, ओल्या कुंकवाचा मसुराएवढा टिळा.

‘हे काय केलंस?’ मी म्हणालो.

‘तुमचं हत्यार न्हाई व्हय ते? सुतार रंधा पुजतो, माळी खुरपं पुजतो. तुमचं तेवढंच ऱ्हायलं हुतं.’

पुढं मी जे बोललो ते शेजारच्या घरात ऐकू गेलं. सगळं आठवत नाही. एक शब्द आठवतो. मी तुला अडाणी म्हणालो. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला, शाळामास्तरानं, सणाच्या दिवशी. तू रडली नाहीस. फूल अलगद उचललंस, कुंकवाला हात लावला नाहीस. ‘आता पुसाया गेलं तर आनखी खराब हुईल,’ म्हणालीस. ते बरोबर होतं आणि त्याचाही मला राग आला. मग चुलीकडं जाता जाता म्हणालीस की ह्याच्यापुढं तुमच्या ह्या गोष्टीला मी हात लावणार नाही.

आणि खरंच लावला नाहीस. तिथं माझं घोडं अडलं. दुर्बिणीत दोन आरसे असतात. मोठा नळीच्या बुडाशी, आणि छोटा वरच्या तोंडाजवळ तिरपा, मोठ्यानं पाठवलेला उजेड बाजूच्या भोकातून डोळ्याकडं वळवणारा. दोन्ही एकमेकांशी एका रेषेत बसले नाहीत तर चंद्रसुद्धा फिसकटलेला दिसतो. ते बसवायचं काम भर दिवसा करायचं असतं. नळी खाटेवर आडवी ठेवायची, तोंड उघड्या आभाळाकडं, भोकात मधोमध छिद्र पाडलेलं औषधाच्या डबीचं झाकण बसवायचं आणि त्या छिद्रातून आत बघायचं. वर्तुळात वर्तुळ, त्यात आणखी वर्तुळ, आणि सगळ्यांत आत आपलाच डोळा. एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं बुडाशी बसून मोठ्या आरशामागचे तीन नट फिरवायचे. ह्या टोकाचा हात त्या टोकाला पोचत नाही. मी आठ दिवस एकटा पळत होतो. बघायचं, पळायचं, नट फिरवायचा, परत येऊन बघायचं तर काहीतरी भलतंच. चूक छोट्या आरशाची की मोठ्याची, तेच कळेना.

एका दुपारी बघता बघता मला त्या वर्तुळांत तुझा टिळा दिसला. आणि डोक्यात उजेड पडला म्हणतात तो तसा पडला. टिळा म्हणजे मोठ्या आरशाचा मध्य. आधी छोटा आरसा असा वळवायचा की टिळा छिद्राच्या बरोबर समोर यावा. मग मोठ्याचे नट असे फिरवायचे की आतला आपला डोळा येऊन टिळ्यावर बसावा. संपलं. दोन आरशांची भांडणं वेगळी झाली. शिवाय मधला तेवढा भाग नाहीतरी छोट्या आरशाच्या सावलीत असतो. तिथं चांदी असली काय नि नसली काय, काडीचा फरक पडत नाही. म्हणजे नुकसान शून्य. हे मला पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं, मी विज्ञान शिकवतो.

तेव्हा मी तुझ्याकडं यायला हवं होतं. आलोही. पण दारात उभं राहून म्हणालो काय, तर, ‘चल, नट फिरव.’ तू पदराला हात पुसत आलीस. अडाणी म्हटलेलं कुठं गेलं, हात लावणार नाही म्हटलेलं कुठं गेलं, काही विचारलं नाहीस. बुडाशी मांडी घालून बसलीस आणि मी इकडून सांगत गेलो, वरचा पाव फेरा, डावीकडचा जरासा, थांब, आली, खुणेवर आली. मी त्याला ‘खूण’ म्हणायचो. कुंकू हा शब्द मी तोंडातून काढला नाही. आठ दिवस जे जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत झालं आणि मी तुला चहा ठेव म्हणालो.

त्यानंतर दर आठ-पंधरा दिवसांनी ते काम निघायचं, कारण पत्र्याची नळी घरातून परसात नेली तरी आतले आरसे हलायचे. तुझा हात इतका बसला की पुढं पुढं मी ‘जरासा’ म्हणालो की तो जरासा नेमका किती, हे तुला कळायचं. दिवेलागणीला एकदा चंद्र धरून मी तुला बघायला बोलावलं. बायका चंद्र बघून काय म्हणतात ते मला ठाऊक होतं, म्हणजे ठाऊक आहे असं वाटत होतं. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, ‘धोंड्याचा माळ हाय की. खर्ड्याकडं जाताना लागतो तसा. तिथं गुरं सोडायची सोय न्हाई.’ मी हसलो. पण त्याच्यानंतर मलाही तो तसाच दिसायला लागला, आणि अजून दिसतो.

वर्षभरात हवेनं चांदी काळवंडली. ती काढून मी नवी चढवली, तेव्हा जुन्या चांदीबरोबर टिळाही धुऊन गेला. आता मला खूण परत हवी होती, आणि तुला लाव म्हणायची जीभ नव्हती. म्हणून स्वतः बसलो. कागदाचा गोल कापला, कर्कटकानं मध्य काढला, छिद्र पाडलं, ते आरशावर ठेवून शाई लावायला गेलो तर कागद सरकला आणि नव्या चांदीवर नखाएवढा ओरखडा. तीनदा केलं, तीनदा फिसकटलं. शेवटी खंडेनवमीला तू पाट मांडलास तेव्हा मी काही न बोलता आरसा आणून मधे ठेवला. माझ्यासारखा माणूस, जो देवापुढं हात जोडायलासुद्धा कां-कूं करतो! तू माझ्या तोंडाकडं बघितलंस.

‘औंदा वरडनार न्हाई न्हवं?’

‘लाव गुमान,’ मी म्हणालो.

तू अनामिका कुंकवात बुडवलीस, क्षणभर हात वर धरलास, आणि टेकवलीस. एकदाच. कागद नाही, कर्कटक नाही. कसं जमतं, असं तरी तेव्हा विचारायचं. रांगोळीचा पहिला ठिपका टाकायची सवय असेल, भाकरीची असेल. मला काय माहीत. मी विचारलं नाही.

तो दुष्काळाचा काळ. पावसाळ्यात ढग नव्हते, हिवाळ्यात विहिरीत पाणी नव्हतं, आणि आभाळ मात्र काचेसारखं स्वच्छ. एकदा मी सहज म्हणून गेलो की असं आभाळ पुन्हा मिळायचं नाही. तू खडी फोडायच्या कामावर जाणाऱ्या बायांसाठी परसातल्या रांजणात पाणी भरत होतीस. तिथूनच म्हणालीस की असल्या आभाळाचा आनंद होणारा गावात एकच माणूस हाय आणि त्याच्या घरात मी नांदते. मी चार दिवस दुर्बीण काढली नाही. लाज वाटून की घुश्शात, ते माझं मलाच सांगता येणार नाही.

त्याच हिवाळ्यात कुलथे सर आले. नगरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मिरजगावचा कुणी मास्तर घरी आरसा घासून दुर्बीण करतो हे ऐकून रविवारच्या एसटीनं मुद्दाम आले. इतक्या शिकलेल्या माणसानं माझ्या पिंपाभोवती फिरून बघावं, याचा मला केवढा आनंद झाला होता. त्यांनी झाकणाच्या छिद्राला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाले, ‘मास्तर, ही मधली खूण फार छान. सगळं कामच सोपं होतं. ही युक्ती कुणाची?’

मी म्हणालो, ‘माझीच. लक्षात आलं एकदा.’

तू तेव्हा दारात होतीस. हातात तबक, तबकात गुळाचा कोरा चहा. तू थांबली नाहीस, कप हिंदकळले नाहीत. सरांपुढं कप ठेवलास, माझ्यापुढं ठेवलास आणि आत गेलीस. सर जाईपर्यंत माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. संध्याकाळी मी वाट बघत होतो की तू आता बोलशील. बोलली असतीस तर मी भांडलो असतो, आणि भांडणात का होईना, खरं ते तोंडातून निघालं असतं. तू एवढंच म्हणालीस, ‘पावनं चांगलं हुतं.’ मग मी ठरवून टाकलं की तुला काही कळलंच नाही. खूण म्हणजे काय, युक्ती म्हणजे काय, आपल्या बायकोला कुठलं कळायला? सव्वा वर्ष जी बाई त्या खुणेसाठी नट फिरवत होती, तिच्याबद्दल मी हे ठरवलं. कारण तेच सोयीचं होतं.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तू माझ्याबद्दल म्हणायचीस. गेल्या पंधरा दिवसांत तो थोडा जळला असावा. कारण परवा कुलथे सर भेटायला आले, तेव्हा त्यांनी धीराचे दोन शब्द बोलायच्या आत मीच बोललो. म्हणालो, सर, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. ती खूण माझी नव्हती. ते हिनं लावलेलं कुंकू होतं, आणि त्यावरून मी हिला नाही नाही ते बोललो होतो.

सर म्हणाले, ‘मला माहीत आहे, मास्तर.’

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. चहा झाल्यावर ते हात धुवायला परसात गेले होते, तू तांब्यानं त्यांच्या हातावर पाणी घालत होतीस. आणि म्हणालीस, (सरांनी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले, तुझा हेल काढून नाही, पण शब्द तुझेच,) ‘सर, ते कुक्कू हाय. मी लावलंय. पन त्याचा उपेग ह्यांनी काढला, तवा हुशारी ह्यांचीच. मला फकस्त एक सांगा, ते बराबर मधी हाय का? ह्यांना इचारायचं म्हंजे वरडत्यात.’

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘मी म्हणालो, अगदी मधोमध आहे, बाई. तर त्या हसल्या. मंग झालं, म्हणाल्या.’

सर गेल्यावर मी लिंबाखाली बसून राहिलो. आधी रागच आला, दुसरं काय येणार. सरांचा आला, की हे इतके दिवस पोटात ठेवलं. मग तुझा आला. एकाच घरात राहून, समोरासमोर जेवून, तू ती एवढीशी गोष्ट परक्या माणसाला विचारलीस. माझी बढाई तू पोटात घातलीस, हुशारीसुद्धा मला देऊन टाकलीस. तुला हवं होतं ते फक्त तू लावलेलं नीट लागलं की नाही, एवढं. आणि त्याला तरी काय ठाऊक होतं, कौसल्या? तो माणूस छिद्रातून बघून अंदाजानं म्हणाला.

मी मोजलं होतं. पहिल्याच वर्षी, त्याच खंडेनवमीला. अडाणी म्हणून झालं होतं, तू चुलीपुढं बसली होतीस, आणि मी आतल्या खोलीचं दार लोटून आरसा घेऊन बसलो होतो. मला तुझ्यावर आणखी ओरडता यावं म्हणून. कुंकू लावलं ते लावलं, तेही वाकडं लावलं, असं बाहेर येऊन म्हणायचं हे मी ठरवूनच ठेवलं होतं. चांदीला न टेकवता पट्टी धरली, काठापासून टिळ्याच्या मध्यापर्यंत. एकीकडून मोजलं, मग समोरून मोजलं, मग उरलेल्या दोन बाजूंनी. विश्वास बसेना म्हणून आरसा फिरवून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. शहात्तर मिलिमीटर. चारही बाजूंनी शहात्तर.

मी पट्टी कंपासपेटीत ठेवली, बाहेर आलो, आणि पान वाढ म्हणालो.